संघातली बुडणारी

चार जणींच्या संघात मी बुडणारी.
नाव घेताना मिंगेल सरांनी विचारलं, पोहता कितपत येतं?
मी म्हटलं, फेरीच्या धक्क्यापासून काळ्या खडकापर्यंत,
तेही ओहोटी असेल तर.
ते हसले नाहीत. वहीत लिहिलं: बुडेल.

सुलक्षा दोर फेकते.
रोशेल बाहुला ओढते, नारिंगी, पोटात पाणी भरलेला;
त्याचं तोंड बुडालं की पंच हात वर करतो
आणि तिथवर ओढलेलं सगळं फुकट.
प्रीतेशा सुरूंच्या सावलीपुढं वाळूत पालथी पडते,
शिट्टी झाली की उठायचं, वळायचं, धावत सुटायचं,
रबरी नळीचा तुकडा उचलायचा.
धावणाऱ्या सहा, तुकडे पाच.
त्यांना घाम येतो. मला फक्त थंडी वाजते.

पण बुडणंही शिकावं लागतं.
पहिल्या दिवशी मी हात हलवले, वाचवा वाचवा ओरडले,
सिनेमात असतं तसं.
सरांनी शिट्टी फुंकली.
"ओरडणाऱ्याकडे श्वास शिल्लक असतो, बाय.
खरा बुडणारा गप्प असतो.
तोंड वर येतं ते श्वासापुरतं, शब्दाला जागा नसते.
हात दोन्ही बाजूंना पाण्यावर दाबतो,
जेवून पाटावरून उठू बघतोय जणू.
किनाऱ्यावरून वाटतं, उभा आहे, मजेत आहे."

अकरा वर्षं मोरजीच्या टॉवरवर बसलेला माणूस.
त्याला आधी किती जण मजेत दिसले,
आम्ही कुणी विचारलं नाही.

मग कांपालचा तलाव. निळी फरशी, क्लोरीन,
खाली बघितलं तर स्वतःचे पाय दिसतात, त्याचीच भीती वाटली.
बारा मीटरवर मी. पंचेचाळीस सेकंद.
सुलक्षाचा पहिला दोर आखूड पडला,
माझ्यापासून एक हात आणि वर चार बोटं.
झेपावले असते तर मिळाला असता.
झेपावले असते तर बाद.
बुडणाऱ्याला पोहता येत नाही, असं नियमात आहे.

ती दोर गोळा करत राहिली, वेढ्यावर वेढा, अंगठा थरथरत,
शेजारच्या पट्टीतली मुलगी काठाला लागलीसुद्धा.
सुलक्षानं नजर काढली नाही.
इतकं टक लावून मला कुणी कधी बघितलं नव्हतं,
आईनंसुद्धा नाही, तापात.

दुसरा खांद्यावर आला, ओला, जड.
धरायचं, आडवं व्हायचं, पाय मारायचे नाहीत.
ओढू द्यायचं.
सगळ्या खेळात हेच अवघड.

चौदा संघांत अकरावे.
बसमध्ये भजी-पाव. सोमवारी प्रार्थनेनंतर
मुख्याध्यापक म्हणाले, खेळानं शिस्त अंगी बाणते.
शिस्तीचं मला माहीत नाही.

घरी सोप्यावर उमोदादा.
बोटीवरून आला त्याला आता पाच महिने,
पुढचं कॉन्ट्रॅक्ट येतंय, म्हणतो.
आई म्हणते, आराम करतोय, करू दे.
मी फाटकातच थांबले.
दोन्ही तळवे बाजूंना, सोप्यावर दाबलेले.
तोंड थोडं उघडतं. मिटतं.
शेजारून जाणाऱ्या पदेरानं हात केला,
यानंही केला.

समोरून जायचं नाही, सरांनी सांगितलंय,
तो मिठी मारतो आणि दोघं जातात.
मी अंगणाला वळसा घालून मागच्या दारानं आले,
त्याच्या मागं, जरा बाजूला, बसले.
पिशवीतून सरावाचा दोर काढला.
म्हटलं, दादा, उद्या वाळूवर येशील?
सुलक्षाला वजनदार माणूस ओढून बघायचाय.

तो काही बोलला नाही.

पहिला आखूड पडतोच.
मी दोर गोळा करायला लागले.